गोळीत किती, हे आधी विचारा

भांगेचे पान आणि गांजाचा शेंडा एकाच झाडावर वाढतात, पण कायदा त्यांना दोन वेगळ्या खात्यांत टाकतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने चरस आणि गांजा धरला, आणि गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे अशी व्याख्या केली. शेंड्याविना आलेली पाने आणि बिया बाहेर राहिल्या. भांग गांजात मोडत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले. त्याचाच आधार घेत कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये बंगळूरच्या एका आरोपीला जामीन दिला. त्याच्याकडे 29 किलो भांग सापडली होती आणि ती पाट्यावर वाटलेली घरगुती भांग नव्हती, नाव छापलेल्या पाकिटांतला बाजारी माल होता. न्यायालयांनी कायदा बरोबर वाचला, याबद्दल मला शंका नाही. दोष त्या व्याख्येत आहे. झाडाचा कोणता भाग वापरला हे ती विचारते. खाणाऱ्याच्या पोटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, किती गेले हे विचारत नाही. केंद्राने पान राज्यांवर सोडले असेल, तर हा प्रश्न राज्यानेच विचारायला हवा.

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगणेसुद्धा गुन्हा आहे. कागदावर हे पुरेसे कडक वाटते. गळती दुसरीकडे आहे. भांग ‘विजया’ म्हणून आयुर्वेदिक औषधात येते. औषध नियमांच्या ई-1 अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, तिचे नाव आहे आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा छापावा लागतो. मात्र आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. इशारा पाळला जातो की नाही हे पाहायला विक्रीच्या जागी कोणीच नसते. म्हणूनच उत्तर आणि मध्य भारतातल्या पानाच्या दुकानांत मुनक्का वटी या विजया असलेल्या गोळीची पुडी सुपारीच्या शेजारी लटकते. याहून विचित्र गोष्ट अशी की, 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता देताना किलोमागे 5 मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. ज्या बीने नशा येत नाही तिचे मोजमाप ठरले. ज्या गोळीने येते तिच्या वेष्टनावर टीएचसीचा आकडा नाही.

कामगार कायद्यांवरच्या या स्तंभात हा विषय घेण्याचे कारण पुण्याजवळ भोसरीपासून चाकण, महाळुंगे, खराबवाडीपर्यंत पसरलेली पॉवर प्रेसची दुकाने हे आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या या लहान कारखान्यांत कंत्राटी कामगार बारा-बारा तासांची पाळी करतो आणि ती सोसायला कोणी अशीच गोळी खातो. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेचे ‘क्रश्ड’ अहवाल 2019 पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतले अपघात नोंदवत आहेत. त्यांत प्रेसखाली बोटे गमावलेले कामगार पुन्हा पुन्हा दिसतात आणि कारणे म्हणून यंत्रावर सुरक्षा सेन्सर नसणे, प्रशिक्षण नसणे, कामाचे तास जास्त असणे हीच पुढे येतात. आता भरपाईचा कायदा पाहा. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, असे 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचे परिशिष्ट सांगत असे. पण अपघात थेट दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलामुळे झाला आणि त्यात मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नसे. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव नसलेल्या कामगाराला याचाच धाक. औषधाच्या नावाखाली विकलेली, आत किती नशा आहे हे न सांगणारी गोळी खाल्लेल्या माणसाची दोन बोटे गेली, तर बिनसेन्सरच्या यंत्राचा मालक तीच पुडी पुढे करून सुटायला पाहील. विकणाऱ्याला परवाना लागत नाही आणि खाणाऱ्याचा हक्क जातो. हा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो.

अमेरिकेने हीच चूक दुसऱ्या टोकाने केली. तिथल्या 2018 च्या कृषी कायद्याने डेल्टा-9 टीएचसी वाळलेल्या वजनाच्या 0.3 टक्क्यांपर्यंत असेल तर ते झाड ‘हेम्प’ आणि कायदेशीर, असे ठरवले. उत्पादकांनी त्याच हेम्पपासून डेल्टा-8 काढले आणि पेट्रोल पंपांवरच्या दुकानांत गोड गोळ्या मांडल्या. जड खाद्यपदार्थात 0.3 टक्के म्हणजेसुद्धा नशेला पुरेसा ऐवज. टेक्सासच्या विधिमंडळाने बंदीचे विधेयक मंजूर केले, ते राज्यपालांनी जून 2025 मध्ये रोखले. अखेर नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकी संसदेने एका डब्यात एकूण टीएचसी 0.4 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असा नियम केला आणि त्याला एका वर्षाची मुदत दिली. व्याख्येकडून मात्रेकडे यायला त्यांना सात वर्षे लागली.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येईल आणि तो हलका नाही. महाशिवरात्रीला, होळीला भांग घेतली जाते. 1894 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशननेही मर्यादित सेवनाने फारसे नुकसान होत नाही असाच निष्कर्ष काढला. पण त्याच कमिशनने मोकळीक सुचवली नव्हती. परवाने, कर आणि नियंत्रित विक्री सुचवली होती. शिवाय सणाला जाणूनबुजून घेतलेला पेला आणि रात्रपाळीआधी घेतलेली पुडी यांत जोखमीचा फरक आहे. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: सरळ बंदी घाला. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. टपरीवर तो मिळतो की नाही, हे पिंपरीतला कोणीही सांगेल. पोलिसांची ताकदही मोठ्या सापळ्यांतच खर्च होते. ऑक्टोबर 2020 मध्ये चाकण परिसरात 20 किलो मेफेड्रोन पकडले गेले आणि धागा रांजणगावच्या कारखान्यापर्यंत पोचला. त्या तपासापुढे दहा-वीस रुपयांची पुडी कोण धरणार? बंदी घातली तर खिशात पुडी सापडलेला परप्रांतीय मजूर तेवढा आत जाईल, बनवणारा बाहेरच राहील.

तिसरा आक्षेप कामगार संघटनांचा असेल: माणूस गोळी खातो ती कमरेचे दुखणे आणि बारा तासांची पाळी सोसायला, आधी पाळी कमी करा. हे मला पूर्ण मान्य आहे. पण पाळी कमी होईपर्यंत गोळी बेहिशेबी राहू द्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही. विजया असलेले औषध वैद्याच्या चिठ्ठीवर आणि नोंद ठेवणाऱ्या दुकानातूनच मिळावे. खऱ्या वैद्याला याची अडचण होण्याचे कारण नाही, इशारा आजही तेच सांगतो. प्रत्येक गोळीतले टीएचसी मिलिग्रॅममध्ये, मराठीत आणि हिंदीत, पाकिटावर छापले जावे. अन्न व औषध प्रशासनाने नमुने तपासून दंड बनवणाऱ्याला आणि घाऊक विक्रेत्याला लावावा. आणि ज्या यंत्रावर सुरक्षा सेन्सरच नव्हता, त्या यंत्राच्या मालकाला नशेची सबब सांगता येणार नाही, एवढी एक ओळ भरपाईच्या तरतुदीत घालण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.