नवऱ्याच्या ‘हो’साठी पाच वर्षे

रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ या बहीण-भावाच्या ‘गेट’ (२०१४) या इस्रायली चित्रपटातला नवरा बायकोला मारत नाही. तो बाहेरख्याली नाही, घरखर्च देतो, देवाधर्माचे नेमाने करतो. तरीही विवियान आम्सालेमला त्याच्याबरोबर नांदायचे नाही, आणि एवढे कारण धर्मन्यायालयाला पुरत नाही. तिला सोडचिठ्ठी, म्हणजे ‘गेट’, मिळणार की नाही हे नवरा एलिशाच्या मर्जीवर आहे. तो कधी तारखेला येत नाही, येतो तेव्हा नकार देतो. अशी पाच वर्षे जातात.

दोन तासांचा हा चित्रपट कोर्टाची खोली आणि बाहेरची बाकडी सोडून कुठेच जात नाही. सुरुवातीला काही वेळ विवियान आपल्याला दिसतच नाही. पुरुष तिच्याविषयी बोलत असतात. एकदा ती बसल्या जागी केस मोकळे सोडते, तर समोरचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू असलेले न्यायाधीश, संतापतात. शेजारीण साक्षीला येते, तर तिचा नवराच तिच्या वतीने बोलू पाहतो. विवियानची भूमिका स्वतः रोनितने केली आहे. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, आणि वर्षांमागून वर्षे गिळलेला राग. तो फुटतो तेव्हा आपणच सुटल्यासारखे वाटते.

एलिशाला खलनायक केले असते तर प्रेक्षक त्याला शिव्या घालून घरी गेला असता. दिग्दर्शकांनी तसे केले नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण. दुष्ट नवऱ्याच्या हातात हा अधिकार पडला तर काय होईल, हे कोणालाही कळते. सज्जन नवऱ्याच्या हातातही तो तितकाच घातक आहे, कारण दोष माणसात नसून व्यवस्थेत आहे.

ती व्यवस्था अशी. इस्रायलमध्ये १९५३च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे दिले. तिथले न्यायाधीश सगळे पुरुष. आणि हे न्यायालयही स्वतः काडीमोड करीत नाही. लेखनिकाने हाताने लिहिलेला बारा ओळींचा कागद नवऱ्याने साक्षीदारांसमोर बायकोच्या ओंजळीत टाकायचा आणि ती आता कोणाही पुरुषाशी लग्न करायला मोकळी आहे असे तोंडाने म्हणायचे. एलिशाची जीभ नेमकी तिथे अडते. नवऱ्याने हे राजीखुशीने करावे लागते. जुलमाने घेतलेले गेट रद्द ठरू शकते. १९९५च्या कायद्याने अडवणूक करणाऱ्या नवऱ्याचा वाहन परवाना, बँक खाते, परदेशप्रवास रोखता येतो, त्याला तुरुंगातही टाकता येते. पण तुरुंगाचा उपाय त्याआधीही होताच, आणि एक गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि १९९४मध्ये तिथेच मेला. सोडचिठ्ठी त्याने दिली नाही.

कंटाळून एखादीने गेटवाचून दुसरा संसार मांडला, तर त्यातली मुले ‘मामझेर’ ठरतात. मामझेर नसलेल्या जन्मजात ज्यूंशी त्यांना लग्न करता येत नाही. बाईला बांधून ठेवणारी खरी बेडी ही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या आपल्या बेने इस्रायलींना तिचा काच चांगलाच ठाऊक आहे. तुमच्या पूर्वजांचे काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते कशावरून, अशी शंका काढून तिथल्या रब्बींनी १९६०नंतरच्या वर्षांत त्यांच्या लग्नांना अडथळे आणले. आई-आजीपर्यंत चौकशी लावली. मराठी बोलणारी ही माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. कोकणातल्या कुठल्या खापरपणजीला रीतसर गेट मिळाले नसेल, या नुसत्या संशयापायी तिच्या वंशजांना ज्यूपण सिद्ध करायला लावणे हा सरळ अन्याय होता.

हे सारे श्रद्धेचे असल्याने त्याला हात लावता येत नाही, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. याच धर्मशास्त्राने पूर्वी वाट काढली आहे. हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम या धर्मपंडितांनी बायकोच्या संमतीवाचून तिला सोडण्यास बंदी घातली. बाराव्या शतकात मायमोनिडीस या धर्मशास्त्रज्ञाने, जिथे शास्त्राप्रमाणे गेट द्यायलाच हवे तिथे न्यायालयाने नवरा ‘राजी आहे’ म्हणेपर्यंत त्याला फटके द्यावेत, असे लिहून ठेवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रब्बींनी स्वतःच्या अधिकारात मुळातले लग्नच रद्दबातल ठरवावे, ही तरतूद तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे. आजचे बहुतेक सनातनी रब्बी ती वापरायला धजत नाहीत, आणि त्यांच्या या कचरण्याची किंमत बायका मोजतात.

तोवर धर्मन्यायालय टाळावे म्हटले तरी सुटका नाही. देशात नागरी विवाहाची सोय नाही म्हणून कितीतरी इस्रायली जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. दोघे ज्यू असले, तर घटस्फोटासाठी त्यांनाही याच रब्बींपुढे उभे राहावे लागते.