खोली, खाडा आणि रूमपार्टनर

‘कोसला’ला २०२३ साली साठ वर्षे झाली. या साठ वर्षांत पांडुरंग सांगवीकराच्या एकटेपणावर, त्याच्या अर्थशून्यतेच्या जाणिवेवर उदंड लेखन झाले. त्याच्या खोलीवर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. सांगवीकर खानदेशातल्या गावाहून पुण्यास येतो तो काही थेट अस्तित्ववादात उतरत नाही. तो वसतिगृहात उतरतो. तिथे त्याला मित्र भेटतात, मेसचा कारभार अंगावर येतो, पैशांचा घोळ होतो आणि या सगळ्याचा हिशेब अखेर गावाकडच्या बापापर्यंत जाऊन पोचतो. नायकाचे तुटलेपण समजून घ्यायचे तर तो कोणाबरोबर राहत होता, कोणाबरोबर जेवत होता आणि जेवणाचे पैसे कोठून येत होते, हे प्रश्न आधी विचारावे लागतात. मराठी समीक्षेने ते क्वचितच विचारले, आणि त्याचे कारण आम्हांस असे वाटते की वसतिगृह ही जागा आपण केवळ पार्श्वभूमी मानली. ती एक सामाजिक संस्था आहे आणि मैत्रीचा एक वेगळा प्रकार ती घडवते, याकडे लक्ष गेले नाही.

हा प्रकार कोणता ते सांगायला हवे. शाळेतली मैत्री गावाच्या, गल्लीच्या, बहुधा जातीच्याही आतली असते. वसतिगृहातली मैत्री रेक्टरच्या यादीतून सुरू होते. जून-जुलैत पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि घरून दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन एक मुलगा येतो; दाराला दोन किंवा तीन नावांची चिठ्ठी डकवलेली असते. त्यातले दुसरे नाव त्याने निवडलेले नसते. ‘रूमपार्टनर’ हा आपल्याकडचा शब्दच पाहा. त्यात स्नेहाचा दावा नाही, फक्त भागीदारी आहे: एक दिवा, एक पंखा, एक कुलूप, दोन किल्ल्या. दिवा किती वाजता मालवायचा, घरून आलेला डबा उघड्यावर ठेवायचा की कपाटात, परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाचा मित्र किती वेळ बसणार, अशा क्षुल्लक तहांतून ही भागीदारी चालते. यातूनच कधीकधी आयुष्यभराची मैत्री निघते, आणि पुष्कळदा काहीच निघत नाही. ‘काहीच न निघणे’ हीदेखील एक मोठी गोष्ट आहे असे आम्ही मानतो. कारण जो आपला नाही, ज्याच्याशी आपले जमतही नाही, त्याच्याबरोबर वर्षभर सभ्यपणे राहणे हे आपल्या समाजात अन्यत्र कोठे शिकवले जात असेल असे दिसत नाही.

मेसचा शब्दसंग्रह तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. ‘मेंबर’, ‘गेस्ट’, ‘फीस्ट’ आणि सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे ‘खाडा’. मेसमध्ये खाडा म्हणजे न जेवल्याची नोंद. बिलातून तेवढे पैसे वजा होतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी खाडे का टाकतो हे त्याच्या मित्राला ठाऊक असते. गावी जाऊन आल्याचे खाडे वेगळे आणि महिनाअखेरीस पैसे पुरवण्यासाठी टाकलेले खाडे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे खाडे ओळखून काही न बोलता आपल्या ताटात दोन पोळ्या जास्त घेणारा आणि त्या वर खोलीत आणणारा जो असतो, त्याला मित्र म्हणावे. घरच्या पत्रात (हल्ली फोनवर) यातले काहीच सांगितले जात नाही.

दुसरा शब्द ‘पॅरासाइट’. ज्याला खोली मिळालेली नाही आणि जो दुसऱ्याच्या खोलीत, दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून राहतो, तो पॅरासाइट. शब्द क्रूर आहे. पण तो ज्याला लावला जातो तोही तो हसून वापरतो. तपासणी आली की गादी गुंडाळून पलीकडच्या इमारतीत जायचे, हा त्याच्या दिनक्रमाचा भाग. कागदोपत्री हा मनुष्य नसतोच, आणि तरीही आमच्या ओळखीतल्या कित्येक पदव्या अशा गाद्यांवर झालेल्या आहेत.

भाषेचेही असेच. वर्गात प्रमाणभाषेवर व्याख्यान चालते. व्हरांड्यात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी एकमेकींवर आदळत असतात. पहिल्या महिन्यात ‘करून राहिलो’ला हसू येते, तिसऱ्यात हसणाराच ते बोलू लागतो. मराठीच्या विद्यार्थ्याला बोलीविज्ञानाचा याहून चांगला अभ्यासक्रम मिळणार नाही. पण हे हसू नेहमीच निरुपद्रवी नसते, हेही नमूद केले पाहिजे. त्याच हसण्याने एखादा मुलगा वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही.

कारण पहिल्या संध्याकाळी विचारला जाणारा प्रश्न अजून ‘पूर्ण नाव काय?’ असाच असतो, आणि तो नावासाठी विचारलेला नसतो. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून आरंभ करून जातवार वसतिगृहे उभी केली, कारण त्या काळी दार उघडायचे तर तेच शक्य होते. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत असता अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिल्याने त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यास जे बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू आणि जेवू लागली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या परिसरात वसतिगृहाला जे स्थान होते, त्याशिवाय पुढच्या दलित साहित्याचा विचार करता येत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मधले (१९७८) संगमनेरचे बोर्डिंग आणि ‘कोसला’तले पुण्याचे वसतिगृह शेजारीशेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने जरूर करावा. एकाला वसतिगृहात कंटाळा येण्याची सवड आहे. दुसऱ्याला तिथे राहायला मिळणे हीच घटना आहे.

मात्र हे सारे निकालात निघाले असे कोणी समजू नये. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ मध्ये आले. आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा वसतिगृहाच्या खोलीत मृत्यू झाला, जातिवाचक छळाच्या आरोपांचे ते प्रकरण न्यायालयात गेले. एकत्र राहण्याने माणसे आपोआप जवळ येत नाहीत. भाऊरावांनी नुसती खोली दिली नव्हती, स्वयंपाकही एकत्र करायला लावला होता.

म्हणूनच आज शासनाने निवडलेला मार्ग आम्हांस चिंतेचा वाटतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम खात्यात जमा होते. ही रक्कम हवीच, आणि ती वेळेवर मिळायला हवी. परंतु वसतिगृहाच्या ऐवजी रोख पैसे हा सौदा समान नाही. रक्कम घेऊन तो मुलगा शहरात खोली शोधायला निघतो तेव्हा घरमालक पुन्हा तोच प्रश्न विचारतो: पूर्ण नाव काय? शेवटी तो आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याच समाजातल्या चौघांबरोबर कॉट-बेसिसवर राहतो. हे सुरक्षित आहे, समजण्यासारखे आहे. पण ज्याला रूमपार्टनर म्हणून न निवडलेला मनुष्य मिळायचा, त्याला आता निवडलेलाच मिळतो. तिकडे सुस्थितीतल्या मुलांसाठी एकेकट्या खोल्यांची, डब्याच्या ॲपची सोय झालीच आहे. दोन्ही बाजूंनी व्हरांडा रिकामा होत चालला आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी एका दाराचा आहे, आणि ते रात्री ठरल्या वेळी बंद होते. त्या वेळेविरुद्ध दिल्लीत २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ उभे राहिले. आपल्याकडे कर्व्यांच्या आश्रमापासूनची सव्वाशे वर्षांची परंपरा असूनही या बंद दाराआडच्या मैत्रीचे मराठी लेखन शोधावे लागते. जे आहे ते बहुधा आत्मचरित्रांतल्या दोन-चार पानांत आहे. ती पाने एकत्र करण्याचे काम कोणी हाती घेतले तर दार बंद झाल्यावरच्या तासांत मुली एकमेकींना काय सांगत होत्या, कोणती पुस्तके हातोहात फिरत होती, स्थळ पाहायला बोलावल्याची तार आल्यावर खोलीतल्या बाकीच्या दोघींनी काय केले, हे कळू शकेल. आमच्या विभागांतून दरवर्षी इतके लघुप्रबंध लिहिले जातात; त्यांतला एखादा तरी या विषयावर यावा.