उन्हाआड दडलेला बिघाड

सौर कृषिपंप पूर्ण बंद पडला तर ते त्याच दिवशी कळते. तो हळूहळू कमी पाणी देऊ लागला, तर मात्र ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही आणि लक्षात आले तरी कारण बहुधा चुकीचे ठरवले जाते. विजेवरच्या पंपाला, वीज असेपर्यंत, मिळणारी शक्ती साधारण स्थिर असते. त्यामुळे धार बारीक झाली की दोष मोटारीत, पाइपात किंवा विहिरीत शोधावा लागतो, हे उघड असते. सौरपंपाची शक्ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सतत बदलते, म्हणून 'ऊन कमी आहे' हे स्पष्टीकरण नेहमीच हाताशी असते. या स्पष्टीकरणाच्या आड तीन वेगवेगळ्या गोष्टी लपतात: पॅनेलची घटलेली क्षमता, पंप व पाइपची झीज आणि खाली गेलेली पाण्याची पातळी. तिन्हींचे लक्षण एकच दिसते, उपाय मात्र परस्परविरोधी आहेत. चुकीच्या निदानातून होणारे नुकसान मूळ बिघाडापेक्षा मोठे ठरते, असे मला वाटते.

पहिला घोटाळा पॅनेलपाशी होतो. पंप नीट चालत नाही म्हणून तपासायला आलेला माणूस मल्टिमीटरने व्होल्टेज मोजतो, ते जवळपास पूर्वीइतकेच असते आणि 'प्लेटा ठीक आहेत' असा निर्वाळा देऊन तो निघून जातो. परंतु धुळीमुळे पॅनेलचे खुले व्होल्टेज फारसे बदलत नाही. घटतो तो विद्युतप्रवाह. पॅनेल एकसर जोडणीत असल्याने सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून एका पॅनेलवरची बोरीची सावली किंवा पक्ष्यांची विष्ठा संपूर्ण माळेला मागे खेचते. पावसाच्या हलक्या सरींनंतर वाहून आलेली माती उभ्या लावलेल्या पॅनेलच्या खालच्या कडेला दोन बोटे रुंदीची पट्टी करून घट्ट बसते. दुरून पाहता काच स्वच्छ भासते, पण त्या पट्टीखाली सौरघटांची आडवी ओळ झाकली जाते. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये या एका ओळीमुळे अंतर्गत तिन्ही भाग एकदमच निकामी होऊ शकतात.

दुसरा घोटाळा प्रमाणाचा आहे. शक्ती पंधरा टक्क्यांनी घटली म्हणजे पाणीही पंधरा टक्क्यांनीच घटेल, असे आपण गृहीत धरतो. परंतु अपकेंद्री पंपाने निर्माण केलेला दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. बोअरमधून पाणी उचलताना बहुतांश दाब स्थिर उंचीसाठीच खर्च होतो; फेऱ्या एका ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचेपर्यंत मोटार फिरते, आवाज येतो, पण पाणी जमिनीवर येत नाही. शक्ती थोडी कमी झाली की ही मर्यादा सकाळी उशिरा गाठली जाते आणि दुपारनंतर लवकर सुटते. उंची जितकी जास्त, तितकी ही हानी मोठी.

तिसरा घटक पाण्याची पातळी, आणि सगळ्यात कमी मोजला जातो तोच. हजार लिटर पाणी एक मीटर उचलण्यासाठी तत्त्वतः सुमारे 2.7 वॉट-तास ऊर्जा लागते. पंपसंचाची एकूण कार्यक्षमता 40 टक्के धरली आणि 3 किलोवॉटच्या पॅनेलने दिवसाला 12 किलोवॉट-तास दिले, तर 50 मीटर उंचीवर सुमारे 35 हजार लिटर पाणी मिळते. पातळी 80 मीटरवर गेली की तेच पॅनेल, तीच मोटार आणि तेच ऊन सुमारे 22 हजार लिटर देतात, तेही पंपाची कार्यक्षमता बदलत नाही असे मानले तर. यंत्र निर्दोष असूनही एक तृतीयांशाहून अधिक पाणी नाहीसे होते.

जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेत मार्च महिन्यात मी हे जवळून पाहिले. सकाळी पंप सलग चालत होता. अकरानंतर मात्र दर वीस मिनिटांनी कंट्रोलर 'ड्राय रन', म्हणजे पंप कोरडा चालत असल्याचा इशारा, दाखवून थांबत होता. 'मोटर पाणी तोडतेय' असे बागाईतदार सांगत होते आणि त्यांचे निरीक्षण अचूक होते: सकाळी मंद उपसा झऱ्यांना पेलत होता, भर उन्हात तो झऱ्यांच्या पुढे जात होता. बोलावलेल्या कारागिराने कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते संरक्षणच बंद केले. पंप थांबायचा राहिला आणि सगळ्यांना दुरुस्ती झाल्यासारखे वाटले. सबमर्सिबल मोटार भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते आणि पंपाची आतली बुशेही पाण्यावरच चालतात. आठव्या दिवशी मोटार जळाली.

म्हणून निदानाचा क्रम यंत्रापासून नव्हे, पाण्यापासून सुरू व्हावा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी पंप सुरू करण्यापूर्वी दोरीने पाण्याची पातळी मोजावी, मग दुपारी बाराच्या सुमारास दोनशे लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे आणि त्याच वेळी कंट्रोलरवरची वारंवारता किंवा फेरे टिपावेत. वारंवारता पूर्ण गाठली जात असूनही धार कमी असेल, तर पॅनेल बहुधा निर्दोष आहेत. मग पातळी खाली गेली आहे, कॉलम पाइप गळतो आहे किंवा पंपाचे इम्पेलर झिजले आहेत. वारंवारताच गाठली जात नसेल, तर धूळ, सावली, सैल जोडणी किंवा बाद झालेले पॅनेल शोधावे. एप्रिल-मे महिन्यांत पॅनेल 60 अंशांपर्यंत तापते आणि 25 अंशांवर ठरवलेल्या क्षमतेतून दर अंशाला सुमारे 0.4 टक्के घट होते, हे लक्षात घेऊन तुलना त्याच ऋतूतील नोंदींशी करावी. 'ड्राय रन'चा इशारा दिवसाच्या कोणत्याही वेळी, सुरू होताच येत असेल, तर तारेचा, सेटिंगचा किंवा खुद्द पंपाचा दोष संभवतो. ठरावीक वेळ चालल्यावर येत असेल, तर विहीर खरे सांगते आहे.

उपायही त्यानुसार बदलतात. काच पहाटे, थंड असताना, मऊ कापडाने व शक्यतो क्षार नसलेल्या पाण्याने धुवावी. जोडण्यांना हात लावण्यापूर्वी डीसी स्विच बंद करावा. पॅनेलमध्ये दिवसभर वीज असतेच, आणि चालू प्रवाहात कनेक्टर ओढल्यास पडणारी ठिणगी एसीतल्यासारखी आपोआप विझत नाही. विहीर मागे पडत असेल, तर व्हॉल्व्ह थोडा आवळून किंवा कंट्रोलरवर कमाल वारंवारता घटवून उपसा झऱ्यांच्या गतीला आणावा. अशा विहिरीवर पॅनेल वाढवणे म्हणजे झिजलेल्या दोरावर अधिक भार टांगणे होय.

हा प्रश्न एकेका शेतापुरता असता, तर चिंता मर्यादित राहिली असती. परंतु 2019 मध्ये सुरू झालेली 'पीएम-कुसुम' आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना यांतून पंप झपाट्याने वाढले आहेत. राज्याच्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे, आणि हा लाभ खरा आहे: रात्रीच्या पाळीची वीज आणि बिल या दोन्हींतून सुटका होते. मात्र पात्र क्षमता जमिनीवर ठरते (अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात अश्वशक्ती). योजनेत शाश्वत जलस्रोताची अट असली, तरी विहिरीची उन्हाळ्यातील क्षमता सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. राज्याच्या 80 टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे, ज्यात पाणी केवळ भेगांत आणि विघटित थरांत साठते. अशा खडकावर चालवण्याचा खर्च जवळपास शून्य असलेला पंप आला, की उपसा थांबवण्याचा एकच संकेत उरतो: ड्राय रनचा. आणि तोच बंद करणे ही सर्वांत सोपी दुरुस्ती ठरते आहे.

देखभालीची हमी पाच वर्षांची आहे. थोड्याच काळात बसवलेल्या पंपांची हमीही थोड्याच काळात संपेल, आणि तोवर गावात निदान करू शकणारा माणूस तयार झालेला नसेल, तर जळालेली मोटार, मोठा पंप, अधिक खोल बोअर असा क्रम अनेक शेतांत एकदम सुरू होण्याची शक्यता आहे. तो प्रत्येक शेतात स्वतंत्रपणे वाजवी वाटेल. एकत्रितपणे मात्र त्याचा भार एकाच भूजलसाठ्यावर पडेल.

बागेतल्या त्या कारागिराजवळ मल्टिमीटर होता, स्पॅनर होते, कंट्रोलरचा पासवर्डही होता. पातळी मोजायला दोर मात्र नव्हता, आणि बागाईतदारांकडे आदल्या वर्षीच्या मार्चची नोंद नव्हती. दर पंधरवड्याला एक ओळ, म्हणजे तारीख, पातळी, ड्रम भरण्याचे सेकंद आणि वारंवारता, लिहिली असती, तर वीस मिनिटांनी थांबणारा पंप बिघडलेला नाही हे त्या वहीतच दिसले असते.