पाटीवर न मावलेला माणूस

लंडनच्या उत्तर भागात हायगेट नावाची वस्ती आहे. तेथील लँगडन पार्क रोडवर ३० क्रमांकाच्या घराच्या भिंतीवर एक निळी गोल पाटी आहे. भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे व्ही. के. कृष्ण मेनन या घरात राहत होते, अशा अर्थाचा मोजका मजकूर तिच्यावर आहे. २०१३ साली ती तेथे बसवण्यात आली.

सैनिक स्कूलमधल्या मुलाने ही पाटी वाचली, तर काहीतरी राहून गेले आहे असे त्याला वाटले पाहिजे. १९६१ साली सैनिक स्कूलची योजना सुरू झाली तेव्हा मेनन देशाचे संरक्षणमंत्री होते आणि ही कल्पना त्यांचीच होती. लष्करातले अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतूनच येत. ही उणीव भरून निघावी, साध्या घरातल्या मुलालाही एनडीएपर्यंतची वाट मोकळी व्हावी, हा तिच्यामागचा हेतू. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात पहिले सैनिक स्कूल सुरू झाले. आपण रोज पहाटे पीटीला धावतो, त्याची सुरुवात तेथे आहे.

लंडनची पाटी याबद्दल गप्प आहे, पण तो तिचा दोष नाही. त्या शहरात ही प्रथा १८६६ पासून चालत आली आहे आणि तिला नियम आहेत. माणूस जाऊन किमान २० वर्षे झालेली असावीत आणि तो राहिला ती वास्तू उभी असावी. जागा थोडी, म्हणून शब्दही थोडे. शिवाय हायगेटच्या घरात राहणारे मेनन मंत्री नव्हतेच. ते १९२४ साली लंडनला शिकायला गेले आणि तेथेच इंडिया लीगचे काम करू लागले. चहावर दिवस काढून ते सभा घेत, पत्रके काढत, इंग्रज खासदारांच्या मागे लागत. १९३४ ते १९४७ ते सेंट पँक्रास भागाचे नगरसेवक होते. महायुद्धात जर्मन विमाने बॉम्ब टाकत असताना त्यांनी त्याच वस्तीत हवाई हल्ला वॉर्डनचे काम केले. पाटी या माणसाची आहे आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे.

लोकमान्य टिळकांचीही पाटी लंडनमध्ये हाऊली प्लेस येथे आहे. १९१८-१९ मध्ये ते तेथे राहिले, एवढे ती सांगते. चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते गेले होते आणि तो खटला ते हरले, हे ती सांगत नाही. ते आपण वाचून समजून घ्यायचे असते.

मग मेनन यांच्याबद्दल आपण काय समजून घेतो? खरे सांगायचे तर दोन टोकांच्या गोष्टी. एका बाजूला, काश्मीरच्या प्रश्नावर जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सुमारे आठ तास बोललेले मेनन. त्याच वर्षी उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आलेले मेनन. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा संरक्षण खाते त्यांच्याकडेच होते. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्याशी न पटल्याने १९५९ साली लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला, तेही मेनन. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा आपले जवान अपुऱ्या गरम कपड्यांनिशी आणि जुन्या रायफली घेऊन उंच डोंगरांत उभे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस मेनन यांच्याकडून संरक्षण खाते काढून घेण्यात आले.

त्यानंतर ते खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकलेले असते. सह्याद्रीला धावावे का लागले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पहिले सैनिक स्कूल यशवंतरावांच्याच जिल्ह्यात, ते मुख्यमंत्री असताना आणि मेनन संरक्षणमंत्री असताना सुरू झाले, हेही आपण विसरतो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, १९६२ च्या पराभवाशी जोडलेले नाव मुलांसमोर कशाला आणायचे? त्यांचा राग मी समजू शकतो. ज्यांच्या घरातला माणूस त्या डोंगरांतून परत आला नाही, त्यांना तो राग धरण्याचा हक्क आहे. पण त्या पराभवाचा सारा भार एकाच माणसावर टाकणेही खरे नाही. चीन हल्ला करणार नाही हा विश्वास एकट्या मेनन यांचा नव्हता, आणि रणांगणावरचे सगळे चुकीचे निर्णयही त्यांचे नव्हते. उलट बाजूने, शाळा काढल्या म्हणून १९६२ माफ, असेही होत नाही. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

आपल्याला हे अवघड वाटू नये. अडथळ्यांच्या शर्यतीत हाऊस मागे पडले, तर उस्ताद दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभे करून कोण कुठे चुकला ते विचारतात. त्यात कोणाचा अपमान नसतो. जो पुढे तुकडी घेऊन जाणार आहे, त्याला पराभवाकडे सरळ बघता आले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या शाळेत कोनशिला पुष्कळ आहेत. बहुतेकींवर ‘शुभहस्ते’ हा शब्द आणि पाहुण्यांचे नाव सर्वांत ठळक असते. वास्तू कशासाठी उभी राहिली हे खाली बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. आणखी एक छोटी पाटी लावावी. सैनिक स्कूल योजना १९६१ साली संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कल्पनेतून सुरू झाली, हे पहिले वाक्य. १९६२ च्या युद्धातील पराभवानंतर त्यांना हे पद सोडावे लागले, हे दुसरे. अनावरण कोणी केले हे लिहू नये.

पाटी मेसच्या वाटेवर असावी, म्हणजे सहावीतला नवा मुलगाही ती वाचेल. दुसरे वाक्य वाचून तो आपल्या सीनियरला ‘असे का?’ म्हणून विचारेल. सीनियरला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.