मैत्री दिल्लीची, पट्टी आमची

परवा दोन दिवस माहेरी गेले होते. आप्पांच्या ट्रंकेतली जुनी कागदपत्रं आवरून देत होते (सात-बारा, वीजबिलं, सोसायटीच्या पावत्या, सगळं एकाच पिशवीत!), तर त्यात कांद्याची एक पट्टी सापडली. डिसेंबर २०२३ची. पट्टीच्या मागे आप्पांनी पेनानं हिशेब मांडला होता. रोप, लागण, खुरपणी, खत, काढणी, काटणी, गोण्या, टेम्पोचं भाडं, हमाली. खाली रेघ. रेघेखाली खर्चाची बेरीज, मग पट्टीची रक्कम, आणि त्याखाली नुसतं वजाचं चिन्ह. पुढे आकडाच नाही.

"आप्पा, हे अर्धवट का सोडलंय?"

"पुढचं लिहून काय कांद्याचा भाव वाढणार होता का?" म्हणाले आणि चहा फुंकत बसले.

त्या वजाच्या चिन्हापुढचा आकडा गेला कुठं, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून ही नोंद. थोडी लांबणार आहे, आधीच सांगते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: माझं माहेर शिरूर तालुक्यातलं आणि सासर दौंड तालुक्यातलं. मध्ये भीमा. न्हावऱ्याहून चौफुल्याकडं जाताना पारगावचा पूल ओलांडला की तालुका बदलतो आणि लोकसभेचा मतदारसंघही बदलतो. अलीकडचे शिरूर लोकसभेत, पलीकडचे बारामतीत. शेतात मात्र दोन्हीकडं ऊस आणि कांदा, आणि घरात दोन्हीकडं एकच विषय: आज काय भाव निघाला?

८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. तशी सुरुवात आधीच झाली होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, आणि मग थेट बंदी. डिसेंबरमध्ये बाजारात येतो तो लाल कांदा. हा कांदा टिकत नाही. उन्हाळी गरवा असता तर चाळीत घालून चार-पाच महिने वाट पाहिली असती. लाल कांदा काढला की विकावाच लागतो. आप्पांचा कांदा तेव्हा नेमका काटून शेतात पडला होता. आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांना मिळालेला भाव त्यांच्या डोक्यात होता, आणि ते बाजारात पोचले तेव्हा तो जवळजवळ निम्म्यावर आला होता. वजाच्या चिन्हाची गोष्ट एवढीच.

पण मला आज लिहायचंय ते याच्या दुसऱ्या टोकाबद्दल. हा कांदा जाणार कुठं होता? आपल्या कांद्याची एक मोठी बाजारपेठ म्हणजे बांगलादेश. आणि तेव्हा दिल्लीचं ढाक्याशी जेवढं जमत होतं, तेवढं शेजारपाजारच्या फार कमी राजधान्यांशी जमत होतं. पंतप्रधान शेख हसीना भारताच्या हक्काच्या मित्र. ७ जानेवारी २०२४ला त्यांच्याकडं निवडणूक होती, म्हणजे आपल्या बंदीनंतर बरोबर महिन्यानं. बंदीची बातमी आली आणि तिकडं कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला. मित्राच्या घरात निवडणूक असताना आपण त्याच्या स्वयंपाकघरातला कांदा काढून घेतला. का? तर आपल्या घरातही निवडणूक जवळ आली होती.

बरं, ही पहिली वेळ नव्हे. २९ सप्टेंबर २०१९ला अशीच रातोरात बंदी आली. पुढच्याच आठवड्यात हसीना दिल्लीत आल्या होत्या. तिथं एका कार्यक्रमात त्यांनी हसत हसत, चक्क हिंदीतून ऐकवलं की मी आमच्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी जरा आधी कळवत जा. सभागृह हसलं. नोव्हेंबरमध्ये बांगलादेशाला विमानानं कांदा आणावा लागला. आणि १४ सप्टेंबर २०२०ला आपण पुन्हा बंदी घातली. आधी कळवलं? छे.

यात दिल्लीचे लोक दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांची भीती खरी आहे. १९९८मध्ये दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार गेलं, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा किती मोठा होता हे सगळ्याच पक्षांनी लक्षात ठेवलंय. कांदा खाणारा प्रत्येक मतदारसंघात आहे. कांदा पिकवणारा मोजक्या जिल्ह्यांत: नाशिक, नगर, पुणे, सोलापूर आणि आणखी काही. ज्याला दोन्हीतून एक निवडायचंय तो कोणाकडं बघेल, हे सांगायला राज्यशास्त्र शिकायला नको. मी स्वतः पुण्यात कांदा विकतच घेते, आणि ८० रुपये किलो झाला की माझाही हात आखडतो. आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या घरात तर तेव्हा कांदा बंदच होतो. तर हा 'गरीब शेतकरी आणि दुष्ट शहर' असा सरळ सामना नाही.

मला खटकतं ते पुढचं. बंदी चालू असतानाच सरकारनं काही मित्रदेशांना ठरावीक कांदा द्यायचं ठरवलं. मार्च २०२४मध्ये बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन. हा व्यवहार खाजगी निर्यातदारांकडून नाही, तर नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सरकारी पाठबळाच्या संस्थेमार्फत. मार्चअखेरीस १,६५० टन कांदा घेऊन पहिली रेल्वे बांगलादेशात पोचली, रमजान चालू होता. एप्रिलअखेरीस सरकारनं सांगितलं की बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका अशा सहा देशांना मिळून ९९,१५० टनांना परवानगी आहे.

रमजानच्या महिन्यात शेजाऱ्याच्या घरी कांदा पोचला, याचं मला वाईट का वाटावं? उलट बरंच वाटलं. पण तोच कांदा डिसेंबरमध्ये आप्पा खुल्या बाजारात विकायला निघाले होते तेव्हा तो देशहिताच्या आड येत होता, आणि मार्चमध्ये सरकारच्या हातून गेला तेव्हा ती मैत्री झाली! दार बंद करून आधी भाव पाडायचा आणि मग त्या पडलेल्या भावाचा कांदा मित्राला पाठवायचा. नाव दिल्लीचं झालं. खर्च आप्पांच्या पट्टीच्या मागे, वजाच्या चिन्हापुढं.

आता जरा लांब जाऊ. पोलंडचं उदाहरण घ्या. २०२२मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा युक्रेनच्या मागं सगळ्यात आधी उभ्या राहिलेल्या देशांपैकी पोलंड एक. लाखो निर्वासितांना घरात घेतलं, शस्त्रं दिली. पण समुद्रमार्ग अडल्यामुळं युक्रेनचं स्वस्त धान्य पोलंडमध्ये येऊन साचायला लागलं, तिथल्या शेतकऱ्यांचे भाव पडले, ते ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. सत्ताधारी पक्षाची मतं मुख्यतः ग्रामीण भागातली, आणि निवडणूक ऑक्टोबर २०२३मध्ये. एप्रिलमध्ये पोलंडनं युक्रेनी धान्याची आयात बंद केली, आणि सप्टेंबरमध्ये युरोपीय संघाचा विरोध असूनही बंदी पुढं चालू ठेवली. युक्रेननं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. निवडणुकीनंतर सरकार बदललं, बंदी काही उठली नाही. पोलंडचं युक्रेनवरचं प्रेम खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. मैत्रीचं बिल फक्त एकाच गटाकडं आलं, आणि त्या गटाच्या मताला वजन होतं, म्हणून बिल परत गेलं.

आपल्याकडंही असं वजन काहींना आहे. सप्टेंबर २०११मध्ये मनमोहन सिंग तिस्तेच्या पाण्याचा करार करायला ढाक्याला निघाले, आणि ममता बॅनर्जींनी ऐनवेळी नकार दिला. त्यांचा पक्ष केंद्र सरकारात सामील होता. तो करार तेव्हापासून रखडलाय. मार्च २०१३मध्ये श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून द्रमुकनं केंद्राचा पाठिंबा काढला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत भारतानं श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला मत दिलं, आणि त्याच वर्षी कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला पंतप्रधान गेले नाहीत. चूक-बरोबर बाजूला ठेवा. पण बंगालच्या पाण्याला आणि तमिळनाडूच्या भावनेला दिल्लीत विचारणारं कोणीतरी होतं. भीमाकाठच्या कांद्याला तेव्हा कोण होतं?

तसे आवाज उठले. डिसेंबर २०२३च्या शेवटी अमोल कोल्हे आणि सुप्रिया सुळे यांनी शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला, त्यात कांदा हा मोठा मुद्दा होता. पण ते विरोधी बाकांवरचे खासदार. त्यांच्या नाराजीनं सरकार पडत नव्हतं.

मग मे महिना आला. ४ मे २०२४ला निर्यातबंदी उठली (४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट ठेवून). ७ मेला बारामती मतदारसंघाचं, म्हणजे माझ्या सासरचं मतदान होतं. १३ मेला शिरूरचं. आमचे मामंजी तेव्हा म्हणाले होते, "तीन दिवस आधी देश एकदम सुरक्षित झाला बघ!" दोन्हीकडं विरोधी बाजूचे उमेदवार निवडून आले, नाशिक आणि दिंडोरीतही तेच झालं. आमच्या दोन मतदारसंघांत राष्ट्रवादीची फूट हाच मोठा विषय होता, तेव्हा सगळं श्रेय कांद्याला देणार नाही. पण दिल्लीनं धडा घेतला असावा. विधानसभेच्या आधी, १३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क निम्मं झालं. १ एप्रिल २०२५पासून शुल्कही गेलं.

म्हणजे शेवटी मताला किंमत आलीच की, असं दादा म्हणतो. आली, पण कशी? ५ ऑगस्ट २०२४ला हसीनांना देश सोडावा लागला. त्याची कारणं त्यांच्या देशातली आणि त्यांच्या कारभारातली, त्यात कांदा ओढून आणणार नाही. पण आपल्या वारंवारच्या बंद्यांनी बांगलादेश एक गोष्ट शिकला: या गिऱ्हाइकीवर विसंबायचं नाही. तो इजिप्त, तुर्कस्तान, चीनकडून कांदा घेऊ लागला, घरची लागवड वाढवू लागला. २०२५मध्ये त्यांनीही आपल्या शेतकऱ्यांसाठी भारतीय कांद्याच्या आयातीला लगाम घातला. त्यांच्याकडंही आप्पा आहेत, त्यांच्याकडंही मतं आहेत. आपण दार लावत होतो तेव्हा ते खटखटवत होते. आपण दार उघडलं तेव्हा त्यांनी आपलं लावून घेतलं.

तर माझं म्हणणं एवढंच. मित्रदेशाला मदत जरूर करा. २०२२मध्ये श्रीलंका डबघाईला आली तेव्हा आपण जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली, कर्ज आणि सवलती धरून. ती देशाच्या तिजोरीतून गेली, म्हणजे तुमच्या, माझ्या, आप्पांच्या, सगळ्यांच्या खिशातून थोडी थोडी. कोणी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आलं नाही. कांद्याचंही तसंच करा. शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर शेतकऱ्याकडून बाजारभावानं घेऊन तोट्यात विका. शेजाऱ्याला द्यायचा तर तोही बाजारभावानं घ्या आणि फरक तिजोरीतून भरा. आणि काही बंद करायचंच असेल तर पीक शेतात उभं असताना नको, लागणीच्या आधी सांगा. हसीनांनी २०१९मध्ये मागितलं होतं ते एवढंच, आणि आप्पाही तेवढंच मागतायत. सगळ्यांनी मिळून भरलेली मैत्री निवडणुकीत टिकते. एकाच्या गळ्यात घातलेली मैत्री तो पहिल्या संधीला झटकून टाकतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

शहरातल्या मैत्रिणींना हे पटणार नाही, माहीत आहे. दोघीतिघी तर म्हणतील, हिला माहेरचा पुळका! आहेच. पण तोट्यात विकायचा खर्च कर भरून आम्ही शहरातल्यांनीही उचलायला हवा, हेही त्यात आलंच ना? मी उचलायला तयार आहे. तुम्ही?

असो. निघताना मी ती पट्टी पर्समध्ये घातली. आप्पा म्हणाले, "काय करायचीय तुला? फेकून दे." मी म्हटलं, राहू दे. वजाच्या पुढचा आकडा रिकामा आहे, कधीतरी कोणाला तरी दाखवता येईल.

या वर्षीचा गरवा चाळीत भरलाय. आप्पा रोज संध्याकाळी एक चक्कर मारून कांदे हातानं दाबून बघतात, आणि मग बातम्या लावतात.