स्वतःचा सर्व्हर, कोणाची किल्ली?

आपली छायाचित्रे, पत्रव्यवहार, टिपणे परक्या कंपनीच्या यंत्रावर का ठेवायची, असा प्रश्न पडलेले काही हौशी लोक घरातच एखादा जुना संगणक अहोरात्र चालू ठेवतात आणि आपला सर्व्हर आपणच सांभाळतात. या छंदामागील स्वायत्ततेची प्रेरणा आदरणीय आहे. मात्र ही हौस बहुतांशी पुरुषांची आहे. कारण विचारले की ‘दार उघडेच आहे, कोणी अडवले आहे?’ असे उत्तर मिळते. ते तपासून पाहायला हवे.

जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांशी बोलून ‘अनलॉकिंग द क्लबहाउस’ (२००२) हा ग्रंथ सिद्ध केला. घरी आलेला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत जाई, असे त्यांना आढळले. यंत्र उघडून, बिघडवून पाहण्याची मुभा त्यालाच मिळे. पुढे तीच मुभा ‘उपजत आवड’ म्हणून ओळखली जाई.

मोकळ्या वेळाचेही तेच. भारतातील २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. रात्र जागून सर्व्हर दुरुस्त करण्याची चैन कोणाला परवडेल, हे उघड आहे.

आमंत्रणाची भाषा बदलली की काय घडते, हे याच वृत्तीच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात २००६ मध्ये दिसले. ‘गूगल समर ऑफ कोड’साठी ‘ग्नोम’ या प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. मग शिकण्यावर आणि मार्गदर्शनावर भर देणारी, खास स्त्रियांसाठीची योजना जाहीर झाली, तेव्हा शंभरावर अर्ज आले.

छंद सक्तीने लावता येत नाही, हा आक्षेप मान्यच. पण प्रश्न केवळ छंदाचा नाही. घरातल्या सर्व्हरवर सर्वांचीच पत्रे असू शकतात. किल्ल्या मात्र बहुधा एकाकडेच असतात. वेगळी सांकेतिक कुलपे घातलेली नसतील, तर तो मनात आणील ते वाचू शकतो. कंपनीच्या नजरेतून सुटलेली स्त्री घरातल्याच नजरेखाली येते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये (१९२९) लिहिणाऱ्या स्त्रीसाठी उत्पन्न आणि खोली मागितली, शिवाय दाराला कुलूपही मागितले. त्या कुलपाचे मर्म येथेही लागू पडते. घरातील स्त्रीकडे स्वतःची किल्ली नसेल, तर त्या सर्व्हरला ‘आपला’ म्हणण्याचा अधिकार एकट्यालाच उरतो.