काळ्या बुरशीची जुनी बातमी

पावसाळ्यात भिंतींना ओल आली, की काळी बुरशी तान्ह्या बाळांच्या जिवावर उठते असे सांगणारा एखादा लेख येतोच. पुरवणीच्या टेबलावर असे लेख मी बरेच वाचले आहेत. मजकूर थोडाफार बदलतो, पुरावा मात्र तोच असतो: अमेरिकेतले क्लीव्हलँड शहर.

तिथे 1993 आणि 1994 या दोन वर्षांत दहा तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांतल्या अनेकांच्या घरांत पाणी मुरले होते, स्टॅकिबॉट्रिस नावाची काळी बुरशीही सापडली. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने 1997 मध्ये आपल्या साप्ताहिकात या दोहोंचा संबंध दिसत असल्याचे छापले आणि बातमी सर्वदूर गेली. पुढे याच संस्थेने आतल्या-बाहेरच्या तज्ज्ञांकडून तो अभ्यास पुन्हा तपासून घेतला. त्यात उणिवा निघाल्या. 10 मार्च 2000 च्या अंकात संस्थेने लिहिले, की बुरशी आणि रक्तस्राव यांचा संबंध पुरेसा सिद्ध झालेला नाही. ज्या साप्ताहिकात पहिली माहिती आली, त्याच साप्ताहिकात ही दुरुस्ती! याला मी दानत म्हणतो.

पण पहिली बातमी कात्रणांत राहते, दुसरी रद्दीत जाते. मग धास्तावलेली आई पैसे मोजून बुरशीची जात तपासून घेते, आणि गळका पाइप तसाच राहतो.

उलट टोकाचे शहाणेही भेटतात. बुरशी म्हणजे नुसता डाग, पुसा आणि रंग मारा, म्हणतात. तेही खरे नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2004 मध्ये ओलीच्या घरांचा खोकला, छातीतली घरघर आणि दमेकऱ्यांचा त्रास यांच्याशी संबंध असल्याचे मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत बुरशीची अमुक मात्रा सुरक्षित, असा आकडा नाही. ओल येऊ देऊ नका, आली तर काढा, हाच तिचा भर. मुंबई-कोकणात हे सांगणे सोपे. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर गळत असेल, तर आधी सोसायटीच्या तीन सभा होतात!

पुरवण्या काढणाऱ्या आम्हां मंडळींकडे माझा आग्रह एवढाच: क्लीव्हलँडचे नाव छापाल, तर 2000 सालची दुरुस्ती त्याच परिच्छेदात छापा; आतल्या पानावरच्या चौकटीत नको. वाचकांनीही असा लेख दिसला, की पत्र टाकून विचारावे, ही माहिती कोणत्या सालची? अशी दोन-चार पत्रे आली, की जुनी कात्रणे बाहेर निघतातच.